डांबर तीनदा, चर एकदाही नाही : पाणी नेमकं कुठं मुरतंय?

फाट्यावरचा | १० मे, रात्री ९:५०

मंडळी, बरेच दिवस डोक्यात होतं, आज लिहून टाकतो.

आमच्या गावाला मुख्य रस्त्यावरून फाटा फुटतो. फाट्यापासून गावच्या कमानीपर्यंत बरोबर ३ किलोमीटर. पन्हाळ्याच्या बाजूचा पट्टा, म्हणजे पाऊस उदंड आणि दोन्ही अंगाला ऊस. (गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. सरपंच ओळखीचे आहेत आणि मला राहायचं गावातच आहे.) कोल्हापुरात नोकरी, त्यामुळे रोज दोनदा या रस्त्यावरून गाडी जाते.

गेल्या सहा वर्षांत या ३ किलोमीटरवर तीनदा डांबर पडलं. तीनदा नारळ फुटला, तीनदा फलक लागला, आणि तिन्ही वेळा रस्ता एकाच ठिकाणी फुटला. दुसऱ्या मोरीच्या अलीकडं साठ-सत्तर फुटांचा तुकडा आहे. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात तिथं पाणी थांबतं. आधी केसाएवढी चीर. मग डांबराचा पापुद्रा सुटतो, भाकरीचा सुटतो तसा. मग एखादी उसाची ट्रॉली जाते आणि खालची खडी मोकळी. गणपती येईपर्यंत तिथं गुडघाभर खड्डा.

परवा रविवारी मुद्दाम चालत गेलो. हातात काठी. तुकड्याच्या डाव्या बाजूला पूर्वी चर होता, मला आठवतो, लहानपणी त्यात खेकडे पकडलेत. आज काठी घातली तर मातीच. वर गवत, आणि ते गवत रस्त्यापेक्षा चार बोटं वर. म्हणजे पावसाचं पाणी रस्त्यावरून बाजूला उतरायला जागाच नाही.

मी साधा हिशेब केला. जेसीबी तासाला हजार-बाराशे घेतो. दोन्ही बाजूंनी चर मारायला धरा चाळीस तास. पन्नास हजारांच्या आत काम. त्यासाठी आपण दर दोन वर्षांनी लाखांनी डांबर ओततोय. सरकारकडं पैसा नाही म्हणावं तर डांबर तीनदा आलं कुठून? आणि पैसा आहे म्हणावं तर पन्नास हजारांचा चर का होत नाही?

जाणकारांनी सांगावं.

---

पेठेतला_मल्ल | १० मे, रात्री १०:०५

भावा, चराचा फोटो काढून स्टेटसला कोण लावतंय का? डांबराचा लावतात. विषय संपला.

---

बाणेरकर_मूळचा_कागल | १० मे, रात्री ११:३०

याला एकच उपाय, सगळीकडे काँक्रीट. एकदाच खर्च, तीस वर्षं बघायला नको. शिवाय प्रत्येक रस्त्याचं ड्रोनने मोजमाप आणि ऑनलाइन डॅशबोर्ड. तंत्रज्ञान आहे, इच्छाशक्ती नाही.

---

पेठेतला_मल्ल | १० मे, रात्री ११:३४

आला पुण्याचा पाव्हणा.

---

जुना_टेप | ११ मे, सकाळी ६:४०

धागाकर्त्याने प्रश्न नेमका विचारला आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मी सार्वजनिक बांधकाम खात्यात शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो. खात्याची वकिली करणार नाही, पण शिव्या द्यायच्या तर नेमक्या जागी द्याव्यात एवढंच.

पहिला प्रश्न नेहमी एकच. रस्ता कुणाचा? राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकामकडे. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. किलोमीटरच्या दगडाचं डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय, हिरवं असेल तर राज्य. अर्धी भांडणं चुकीच्या कचेरीच्या दारात होतात. तुमचा दगड बघून सांगा.

दुसरं, लेखाशीर्ष. सरकारचा पैसा एका पिशवीत नसतो. ५०५४ हे भांडवली, म्हणजे नवीन काम, सुधारणा, रुंदीकरण. ३०५४ हे देखभाल दुरुस्तीचं. नारळ ५०५४ चा फुटतो. खड्डे, चर, मोऱ्यांचा गाळ, झुडपं हे सगळं ३०५४ चं, आणि ती पिशवी कायम रोडावलेली. एकीकडचा पैसा परस्पर दुसरीकडे वळवता येत नाही. म्हणून नव्या डांबराला लाख निघतात आणि चराला हजार निघत नाहीत.

तिसरं वेळेचं गणित. चर मारायचा तर मे महिन्यात, मृगाच्या आधी. निधी हातात पडतो तो मार्चच्या शेवटी किंवा थेट पावसाळ्यानंतर. मार्चमध्ये आलेला निधी ३१ च्या रात्रीपर्यंत खर्ची पडला नाही तर परत जातो. त्या आठवड्यात कुणी चराचा विचार करत नाही. त्या आठवड्यात जे पटकन मोजता येतं ते केलं जातं, आणि डांबर पटकन मोजता येतं.

चौथं कुणी सांगत नाही ते. गावाची मागणी येते ती अशी : 'फाटा ते गाव डांबरीकरण, ३ किलोमीटर'. मंजूर रक्कम दोन किलोमीटरला पुरेल इतकी. आता अंदाजपत्रक त्या रकमेत बसवायचं. लांबी कमी करता येत नाही, ती पत्रात आहे. मग आयटम कापायचे. आधी मोरी जाते, मग चर, मग साइडपट्टीचा मुरूम. उरतं फक्त डांबर. लांबी पत्रात असते, चर पत्रात नसतो. मी स्वतः अशी अंदाजपत्रकं कापली आहेत. प्रत्येक वेळी मनात म्हणायचो, पुढच्या वर्षी चर घेऊ.

---

फाट्यावरचा | ११ मे, सकाळी ८:१०

काका, दगडाचं डोकं बघायला थांबलो. दगड आहे, पण डोक्यावर पानाच्या पिचकाऱ्या. पंचायत समितीतल्या मित्राला विचारलं. रस्ता पूर्वी जिल्हा परिषदेचा होता, काही वर्षांपूर्वी प्रमुख जिल्हा मार्ग झाला. म्हणजे बांधकामचाच.

शेवटचा परिच्छेद तीनदा वाचला.

---

जुना_टेप | ११ मे, सकाळी ८:२५

दर्जावाढ झालेले रस्ते म्हणजे दत्तक गेलेलं मूल. लांबी खात्याच्या नावावर चढते, देखभालीचा निधी त्या प्रमाणात चढत नाही.

काँक्रीटवाल्यांना : पाणी काँक्रीटलाही सोडत नाही. शिरोळ-हातकणंगलेकडच्या काळ्या जमिनीत खालचा थर भिजला की ती फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वरचा स्लॅब पोकळीवर उभा राहतो. सांध्यातून चिखल उसळलेला कधी बघा. शिवाय गावठाणात जुन्या रस्त्यावर काँक्रीट ओतून रस्ता घरांच्या उंबऱ्याच्या वर गेलाय, आणि पावसाचं पाणी लोकांच्या सोप्यात. चर नसेल तर तीस वर्षांचं काँक्रीट तीस वर्षं टिकत नाही. चर असेल तर साधं डांबरही चांगलं टिकतं.

---

खडी_क्रशर | ११ मे, दुपारी २:१५

ठेकेदाराला शिव्या पडायच्या आधीच आलोय. बोलल्यावर बोलतोय म्हणशीला.

मी लहान ठेकेदार. दोन टिपर, एक रोलर, एक जेसीबी, सगळ्यांवर हप्ता. काम घेताना पहिलं गणित काय असतंय सांगतो. डांबर उधार मिळत न्हाई. रिफायनरीला आधी पैसं, मग टँकर. खडी, डिझेल, मजूर, हे आठवड्याला रोख. जीएसटी सरकारी कामाला आधी १२ टक्के होता, जुलै २०२२ पासनं १८. बिलातनं प्राप्तिकर कापून, जीएसटीचा टीडीएस कापून, कामगार उपकर कापून, सुरक्षा ठेव कापून उरलेलं हातात. ते पण कवा? वर्षानं, दीड वर्षानं. तोवर पतसंस्थेचं व्याज कोण भरतंय? म्या. मग ते व्याज मी कशातनं काढणार? तुम्हीच सांगा.

---

सुलू_गारगोटी | ११ मे, दुपारी २:४०

आम्ही सांगतो, टॅक कोटातून. रस्त्यावर नवा थर टाकायच्या आधी जो पातळ डांबराचा फवारा मारायचा असतो तो अर्धाच मारता, म्हणून वर्षात पापुद्रा सुटतो. माझे वडील साइटवर पर्यवेक्षक होते. मला घरात बसून शिकवलंय.

आणि व्याज परवडत नाही तर निविदा अंदाजपत्रकाच्या वीस-पंचवीस टक्के खाली, बिलो, भरता कशाला?

---

खडी_क्रशर | ११ मे, दुपारी ३:०५

ताई, मशीन उभी राहिली तरी हप्ता चालूच. ड्रायव्हर बसला तरी त्याचं पोर शाळेत जातंय. म्हणून बिलो. दहाच्या खाली गेलं की जादा अनामत भरा असा नियम हाय, ती पण आम्ही भरतोय, ती पण अडकून पडत्या.

टॅक कोटाचं न्हाई म्हणत न्हाई. सगळे करत न्हाईत, पण करतात.

---

जमाखर्च | ११ मे, रात्री ९:२०

मी कोषागारातून निवृत्त. अभियंते आणि ठेकेदार दोघेही ज्या तिसऱ्या माणसाबद्दल बोलत नाहीत त्याबद्दल लिहिते, म्हणजे अर्थसंकल्पाबद्दल.

समजा घरात महिन्याला चाळीस हजार येतात. तुम्ही फ्रीज, सोफा, स्कूटर, मुलीचा क्लास, देवघराची फरशी, सगळ्यांना एकदम हो म्हणालात आणि प्रत्येकाला दोन-दोन हजार ॲडव्हान्स दिला. कुणाला नाही म्हटलं नाही, सगळे खूश. पण फ्रीज घरी येत नाही, फरशी अर्धी, आणि दुकानदार दर महिन्याला भाव वाढवतो. सरकारी भाषेत याला टोकन तरतूद म्हणतात. काम मोठं, पहिल्या वर्षीची तरतूद नावापुरती. काम 'अर्थसंकल्पित' झालं, बातमी आली. पुढच्या वर्षी त्याच पैशांत आणखी नवी कामं शिरतात. जुन्याचं दायित्व मागे साठत जातं.

खडी_क्रशर यांची दीड वर्षाची थकबाकी तिथून येते. ती थकबाकी ते दरात धरतात किंवा टॅक कोटात. पैसे शेवटी रस्त्यातूनच वजा होतात.

जबाबदारीने खर्च म्हणजे कमी खर्च अशी आपल्याकडे समजूत आहे. मी बत्तीस वर्षं बिलं पास केली. कमी खर्चाच्या आदेशाने सगळ्यात आधी काय कापलं जातं? देखभाल. कारण देखभाल कापल्याचा त्रास पुढच्या साहेबाला होतो.

अर्धवट कामातही दोन जाती असतात बरं का. राधानगरीचं धरण शाहू महाराजांच्या काळात सुरू झालं, पैसा कमी पडला, उंची अर्धवट राहिली आणि पूर्ण झालं ते स्वातंत्र्यानंतर. पण अर्धं धरणही पाणी अडवत होतं. अर्धा पूल काय करतो?

---

पेठेतला_मल्ल | ११ मे, रात्री ९:३५

अर्धा पूल काय करतो ते आम्हाला विचारा. शिवाजी पुलाला पर्यायी पूल कितीतरी वर्षं पंचगंगेत अर्धाच उभा होता. जाता-येता बघायचो, शेवाळ धरलं त्याच्यावर.

---

जुना_टेप | ११ मे, रात्री १०:१०

शिवाजी पुलाचं प्रकरण मात्र पैशाचं नव्हतं, तेवढी दुरुस्ती. बाजूला ब्रह्मपुरीची टेकडी, संरक्षित स्थळ. २०१० च्या कायदादुरुस्तीने अशा स्थळापासून १०० मीटरच्या आत बांधकामाला बंदी आली आणि काम अडकलं. परवानगीचा प्रश्न दिल्लीपर्यंत गेला. दरम्यान सगळी वाहतूक १८७० च्या दशकातल्या दगडी पुलावरून. जानेवारी २०१८ मध्ये मिनीबस कठडा तोडून नदीत पडली, १३ माणसं गेली. नवा पूल २०१९ मध्ये खुला झाला. आखणी करतानाच टेकडी नकाशावर होती. ती कागदावर बघायला पैसे लागत नव्हते.

त्याच्या उलट महाडजवळचा सावित्रीवरचा पूल. ऑगस्ट २०१६ मध्ये जुना वाहून गेला, नवा १६५ दिवसांत उभा. तेच खातं, तीच माणसं, तेच नियम. पण एकाच कामावर सगळा निधी आणि सगळ्यांचं लक्ष. यंत्रणेला जमत नाही असं नाही.

---

पेठेतला_मल्ल | ११ मे, रात्री १०:३०

मग आता टोलचं पण सांगतो, कारण इथं नवीन पोरं असतील.

शहरात सुमारे ५० किलोमीटर रस्ते, २२० कोटींचं काम, बीओटी. सरकारचा पैसा न्हाई, कंपनी रस्ते करणार, आपण ३० वर्षं टोल भरणार. पहिल्यांदा सगळं गाव खूश. फुकट रस्ता. कुणी करार वाचला नव्हता. नाके उभे राहिले तेव्हा लोकांच्या ध्यानात आलं, शिरोलीवरनं गावात यायचं तरी पैसे आणि बाहेर पडायचं तरी पैसे. मग एन. डी. पाटील सर, पानसरे अण्णा, सगळे पक्ष, सगळ्या तालमी रस्त्यावर. आम्ही पण होतो, नाक्याच्या राखेचा वास अजून नाकात हाय. २०१५ च्या अखेरीस टोल गेला, आणि कंपनीचे पैसे सरकारनं भागवायचं ठरलं. म्हणजे कुणाच्या खिशातनं? माझ्याच की.

आंदोलनाचा अभिमान हाय. पण पैसे कोण देणार, कवा देणार आणि किती देणार हे आम्ही नाका उभा राहिल्यावर विचारलं. सही व्हायच्या आधी विचारायला पाहिजे होतं.

---

चंदगडी_काजू | ११ मे, रात्री ११:००

मग शक्तिपीठ महामार्गाचं काय? सुमारे ८०० किलोमीटर, २०२५ मधला अंदाज ८६ हजार कोटींचा. इथं फाट्याच्या चराला पैसे नाहीत आणि

---

बाणेरकर_मूळचा_कागल | ११ मे, रात्री ११:०८

विकासाला विरोध हा आपल्या जिल्ह्याचा जुना

---

संपादक मंडळ | ११ मे, रात्री ११:५५

वरील दोन प्रतिसादांचा उर्वरित भाग आणि त्याखालचे चौदा प्रतिसाद उडवले आहेत. शक्तिपीठ महामार्गावर स्वतंत्र धागा आहे, तिथे वाद घालावा. इथे चराबद्दल बोलू.

---

मैलाचा_दगड | १२ मे, सकाळी ७:३०

चराबद्दलच बोलते मग.

माझे आजोबा मैलकुली होते. मैलामागे मजूर नेमलेला असायचा, तो त्या मैलाचा मालकच. सरकारी कागदावर आधी रोजंदार, मग कालेलकर समझोत्याने रूपांतरित आस्थापनेवर. आमच्या घरात 'कालेलकर' हा शब्द देवाच्या नावासारखा घेतला जायचा, कारण त्यामुळे आजोबांना पेन्शन मिळाली.

त्यांची हत्यारं चार. टिकाव, फावडं, घमेलं आणि खुरपं. मे महिन्यात चर साफ करायचे. पण खरं काम पावसात. बाहेर धो-धो सुरू झाला की माणसं घरात शिरतात, आजोबा इरलं घेऊन बाहेर पडायचे. रस्त्यावर पाणी कुठं थांबतंय ते पाऊस पडत असतानाच दिसतं, उघडीप झाल्यावर नाही. जिथं थांबलेलं दिसेल तिथं फावड्याचे चार घाव घालून साइडपट्टीतून चरापर्यंत वाट काढून द्यायची. वीतभर रुंद. बस. एकदा मी त्यांच्याबरोबर गेले होते, सातवीत असेन. डबकं होतं ते त्या वाटेनं निघून गेलं, मिनिटभर लागला. मला म्हणाले, 'आता ह्यो तुकडा दिवाळी बघंल.'

ते निवृत्त झाल्यावर त्या मैलावर कुणी आलं नाही. एक-एक करत सगळेच निवृत्त झाले, जागा भरल्या नाहीत. तेवढाच आस्थापना खर्च वाचला असेल.

---

जुना_टेप | १२ मे, सकाळी ८:००

हे वाचून थोडा वेळ काही लिहिलं नाही.

माझ्या पहिल्या नेमणुकीवर मला रस्ता शिकवला तो मैलकुल्यांनी. डांबरी रस्त्याचा मध्य कडेपेक्षा थोडा उंच ठेवतात, पावणेचार मीटरच्या रस्त्याला साधारण चार सेंटिमीटर. कॉलेजात सूत्र पाठ होतं. एका म्हाताऱ्याने रस्त्याच्या मध्यावर तांब्याभर पाणी ओतून दाखवलं. 'सायेब, पानी दोनी बाजूला पळालं पायजे. एकाच बाजूला पळालं तर रस्ता लंगडा.' पुढे सगळी नोकरी मी तांब्यानंच रस्ता तपासला.

---

जमाखर्च | १२ मे, सकाळी ११:१५

मैलकुल्याचा पगार दरमहा पगारपत्रकात दिसायचा, म्हणून तो खर्च वाटला. त्याच्यामुळे न झालेलं डांबरीकरण कुठल्याच कागदावर दिसत नव्हतं.

---

बाणेरकर_मूळचा_कागल | १२ मे, दुपारी १:००

काँक्रीट मागे घेतो. ड्रोन ठेवतो. पावसात उडवता आला तर मैलकुल्याचं अर्धं काम होईल की.

---

सुलू_गारगोटी | १२ मे, दुपारी १:२०

आणि फावड्याचे चार घाव कोण घालणार, पुण्यातून?

---

फाट्यावरचा | १२ मे, रात्री १०:२५

एक कबुली द्यायची आहे. काल लिहिणार होतो, हिंमत झाली नाही.

आज संध्याकाळी परत त्या तुकड्यावर गेलो. चर नुसता गाळानं बुजलेला नाही. दोन ठिकाणी माणसानं बुजवलाय. उसाचा ट्रॅक्टर शेतात उतरवायला माती-दगड टाकून सपाट केलंय, खाली पाइप नाही. पहिली जागा शेजारच्या वाडीतल्या माणसाची. दुसरी आमची. म्हणजे माझ्या चुलतभावाची, पण सात-बारा एकत्रच आहे. गाळप हंगाम सुरू झाला की ट्रॉली थेट फडात जायला हवी, कारखान्याची तोड आली की कोण थांबतंय. वर उसाला पाणी सोडलं की दांडाचं पाणी तिथं तुंबून रस्त्यावर येतं, भर एप्रिलमध्ये. मी रोज तिथून गाडी नेतो आणि खड्ड्याला शिव्या घालतो.

भावाला म्हटलं. तो म्हणाला, सगळ्यांनीच बुजवलाय, मी एकट्यानं उकरू?

---

खडी_क्रशर | १२ मे, रात्री १०:४०

घ्या. आमच्या टॅक कोटावर उठला होता.

(चेष्टा करतोय. कबूल केलंस हे लै झालं.)

---

जुना_टेप | १३ मे, सकाळी ६:३०

शेतात उतरायला वाट हवीच, ती शेतकऱ्याची गरज आहे. पण खाली पाइप घालूनच, आणि खात्याला कळवून. ऊस पट्ट्यात हे रोज बघितलं. नोटीस द्यायची तर गावातले सगळेच, आणि दुसऱ्या दिवशी फोन.

आता कामाचं. माहितीच्या अधिकारात अर्ज करा, दहा रुपयांचा. पण 'रस्ता का खराब झाला' असं विचारू नका. 'का'चं उत्तर द्यायला कुणी बांधील नाही. कागद मागा. शेवटच्या कामाचं तांत्रिक मान्यतेचं अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेच्या नकला, अंतिम देयक, एक्सेस-सेव्हिंग स्टेटमेंट (कुठलं काम जादा झालं, कुठलं कमी, त्याचा तक्ता) आणि दोष दायित्व कालावधी, म्हणजे ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्ती करून द्यायची मुदत, कधी संपतो ते पान. नाहीतर फाइलची पाहणी मागा, पहिल्या तासाला पैसे पडत नाहीत. तासाभरात तुम्हाला हवं ते दिसेल. एक्सेस-सेव्हिंग आधी उघडा.

---

फाट्यावरचा | ३ जून, रात्री ९:००

धागा वर काढतोय. मागच्या आठवड्यात पाहणी करून आलो.

कचेरीतल्या बाईंनी खुर्ची दिली, पंखा लावला, खोटं कशाला बोलू. फाइल जाड. काकांनी सांगितलं तसं एक्सेस-सेव्हिंग आधी उघडलं.

शेवटच्या कामाच्या अंदाजपत्रकात चर होता! आयटम स्वच्छ लिहिलेला, कच्चं गटार खोदणे, दोन्ही बाजू, मीटरमध्ये. मोजमाप पुस्तिकेत त्या आयटमपुढं शून्य. आणि एक्सेस-सेव्हिंगच्या तक्त्यात कारपेटचं, म्हणजे वरच्या डांबरी थराचं, परिमाण वाढलेलं, ते 'जादा' रकान्यात. त्याच्या शेजारी चराची पूर्ण रक्कम कुठल्या रकान्यात होती माहितीये?

'बचत'.

मी बाईंना विचारलं, ही बचत म्हणजे काय? त्या म्हणाल्या, न झालेलं काम हो.

---

जमाखर्च | ३ जून, रात्री ९:१२

आणि ऑडिटला हे पान आलं असतं तर मी टिक करून पुढे गेले असते. रकमा जुळतात ना. जादा तेवढी बचत, मंजूर रकमेच्या आत काम. लेखापरीक्षकाच्या दृष्टीने हे आदर्श पान आहे.

---

जुना_टेप | ३ जून, रात्री ९:४०

असं पान मीही लिहिलेलं आहे. एकापेक्षा जास्त.

दोष दायित्वाचं काय निघालं?

---

फाट्यावरचा | ३ जून, रात्री ९:५५

अजून अकरा महिने शिल्लक. लेखी पत्र दिलं. चौथ्या दिवशी शाखा अभियंता आला, पोरगाच आहे, दोन वर्षांची नोकरी. त्याच्याकडं इतके रस्ते आहेत की आमचा फाटा त्याला मोबाइलवर शोधावा लागला. तो म्हणाला, तुकड्याचं डांबर ठेकेदाराकडून पावसाळ्यानंतर करून घेतो, ते त्याला चुकणार नाही. पण चर मोजमापात शून्य आहे, त्यामुळे त्याचं दायित्वही शून्य. आणि खात्याकडे मजूर नाही. मी म्हटलं, आम्ही उकरला तर? तो इकडंतिकडं बघून म्हणाला, उकरा, मी येऊन उभा राहतो.

---

जुना_टेप | ३ जून, रात्री १०:००

त्याच्याकडून लेखी घ्या. त्याच्यासाठीही ते बरं. खाली टेलिफोनची केबल किंवा नळाची लाइन आहे का, हे आधी ग्रामपंचायतीत विचारा.

---

फाट्यावरचा | ५ जून, रात्री ८:४५

लेखी मिळालं. 'लोकसहभागातून' असा शब्द घातलाय. नळाची लाइन उजव्या बाजूला आहे, म्हणून आधी डावी बाजू.

रविवारी सकाळी सातला. जेसीबी भावाच्या साडूचा, गावचा म्हणून तासाला नऊशे. भाऊ तयार झाला, पण वाडीतल्यानं पण उकरायला पाहिजे या अटीवर. वाडीतला म्हणतो, आधी तू. शेवटी दोघं एकाच वेळी उकरणार असं ठरलंय. मैलाचा_दगड ताई गारगोटीहून सुलूताईंच्या गाडीतून येणार आहेत. मल्ल येतो म्हणालाय, झोपला नाही तर.

काका, तुम्ही याल का? उतार बघायला माणूस पाहिजे. काल वळीव झाला, माती मऊ आहे.

---

जुना_टेप | ५ जून, रात्री ९:०५

येतो. टेप आणि तांब्या दोन्ही आणतो. शेतात उतरायच्या वाटेखाली पाइप कुठला घेतलास?

---

फाट्यावरचा | ५ जून, रात्री ९:०८

सहा इंची पीव्हीसी, दोन. भावाकडं ठिबकच्या वेळचे पडून होते. पैसे वाचले.

---

जुना_टेप | ५ जून, रात्री ९:११

परत ठेव. एक फुटी सिमेंटचे आण. सहा इंचीत पाचट अडकतं.